दोन किलवरची तालीम : ब्रिज बेस ऑनलाइनवरील ‘बिडिंग टेबल’चे परीक्षण

काँट्रॅक्ट ब्रिज या दोन जोड्यांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळात आज प्रचलित असलेल्या बहुतेक बोलीपद्धतींत सर्वांत ताकदीचे हात एकाच बोलीच्या पोटात ठेवलेले असतात आणि ती बोली म्हणजे दोन किलवर. किलवरच्या पानांशी तिचा काही संबंध नसतो. ‘गेम जवळजवळ माझ्या एकट्याच्या हातात आहे, तू पास म्हणू नकोस’ एवढेच ती जोडीदाराला सांगते. गेम म्हणजे जादा गुण मिळवून देणारी मोठी बोली, आणि स्लॅम म्हणजे तेरापैकी बारा किंवा तेरा ट्रिक, म्हणजे चार-चार पानांच्या फेऱ्या, जिंकण्याची बोली. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ या हिशेबाने २२ किंवा त्याहून अधिक पॉइंटांचा हात एका खेळाडूला साधारण २३६ डावांतून एकदा येतो. जोडीतल्या दोघांपैकी कोणालाही तो आलेला चालेल असे धरले, तरी प्रमाण ११८ डावांत एकदा असेच निघते. आठवड्याला २४ डावांचे एक सत्र खेळणाऱ्या जोडीला म्हणजे ही बोली सुमारे पाच आठवड्यांतून एकदा करायला मिळते, आणि त्या एका डावावर गेमचे किंवा स्लॅमचे गुण अवलंबून असतात. एक नो ट्रम्पच्या, म्हणजे हुकुमाविना खेळण्याच्या बोलीच्या, उत्तरांची सवय खेळता खेळता आपोआप होते. दोन किलवरच्या उत्तरांची सवय तशी होण्याइतके डावच येत नाहीत. म्हणून या बोलीचा सराव मुद्दाम, ठरवून आणि कृत्रिमरीत्या करावा लागतो. ब्रिज बेस ऑनलाइन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले बीबीओ, या संकेतस्थळावरील ‘बिडिंग टेबल’ ही सोय या कामाला कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण केले आहे.

बीबीओ २००१ पासून चालू आहे. फ्रेड गिटेलमन या कॅनडातील खेळाडूने आपल्या सहकाऱ्यांसह ते उभे केले आणि २०२० मध्ये क्लबांची दारे बंद झाली तेव्हा जगभरातील, आणि आपल्याकडीलही, कितीतरी जोड्या तिथे स्थलांतरित झाल्या. बहुतेकांना त्याची ओळख आहे ती स्पर्धा खेळण्याची किंवा मोठे सामने पाहण्याची जागा म्हणून. बिडिंग टेबल मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे. त्यात पत्ते खेळायचे नसतात. दोन जोडीदार समोरासमोर बसतात, संगणक पत्ते वाटतो, दोघे बोली पूर्ण करतात, दोन्ही हात उघडे पाहतात आणि पुढच्या डावाकडे वळतात. दोघे वेगवेगळ्या शहरांत असले तरी बिघडत नाही आणि दोन माणसांच्या या सरावाला पैसेही पडत नाहीत. खेळणे वगळल्यामुळे वेळ किती वाचतो हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांना सांगावे लागेल की, क्लबमध्ये एका संध्याकाळी जेवढे डाव होतात, त्याच्या कितीतरी पट बोली इथे तेवढ्याच वेळात होतात.

या सोयीचे खरे बळ पत्ते वाटण्याच्या अटींमध्ये आहे. उत्तरेकडील हातात किमान किती आणि कमाल किती पॉइंट असावेत, कोणत्या रंगाची किती पाने असावीत, हे चारही जागांसाठी वेगवेगळे ठरवता येते. ज्यांना याहून बारीक नियंत्रण हवे आहे त्यांच्यासाठी पत्तेवाटपाची अट संगणकाच्या छोट्या भाषेत लिहून देण्याचीही व्यवस्था आहे. ‘दोघांपैकी कोणाही एकाकडे २० किंवा अधिक पॉइंट’ यासारखी अट साध्या चौकटींत बसत नाही, ती या मार्गाने बसवता येते. भाषा अवघड नाही, पण ज्यांनी आयुष्यात संगणकाला एकही आज्ञा लिहून दिलेली नाही अशा ज्येष्ठ खेळाडूंना ती पहिल्या भेटीत परकी वाटणार हे उघड आहे. एखाद्या नातवंडाला शेजारी बसवून दोन-तीन अटी तयार करून ठेवल्या की पुन्हा पुन्हा त्याच वापरता येतात.

आता पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा इशारा. सराव सुरू करणारी प्रत्येक जोडी सहजपणे अट घालते ती २२ किंवा अधिक पॉइंटांची, आणि तिथेच सराव एकांगी होतो. दोन किलवर ही निव्वळ पॉइंटांची बोली नाही. इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, सहा आणि दोन, बदामाचे एक्का, राजा आणि पाच, चौकटचे एक्का आणि तीन, आणि किलवरची एकटी चौकी असा हात घ्या. पॉइंट २१ भरतात, म्हणजे वरची अट हा हात कधीच वाटणार नाही. परंतु इस्पिकच्या सात, बदामाच्या दोन आणि चौकटची एक अशा दहा ट्रिक इथे जोडीदाराच्या मदतीशिवाय मोजता येतात. समोर एकही चित्र नसले तरी चार इस्पिकचा, म्हणजे सहाच्या वर चार अशा दहा ट्रिकांचा, गेम होतो. एक इस्पिकने सुरुवात केली आणि जोडीदाराने चार-पाच पॉइंटांवर पास म्हटले, तर डाव तिथेच संपला. उलट बाजूने, इस्पिक, बदाम आणि चौकट या तिन्ही रंगांची चार-चार पाने आणि किलवरचे एकटे पान असलेला २२ पॉइंटांचा हात अटीत चपखल बसतो, पण बोली करताना जीव नकोसा करतो: दोन किलवर आणि दोन चौकट एवढी देवाणघेवाण होऊन गेल्यावर पाच पानी रंग नसताना काय बोलायचे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. पॉइंटांची गाळणी पहिला हात अडवते आणि दुसरा सोडते. ज्या जोड्या जुन्या ॲकोल पद्धतीने दोन चौकट, दोन बदाम आणि दोन इस्पिक या बोलीही आठ ट्रिकांच्या ताकदवान हातांसाठी राखून ठेवतात, त्यांना तर ही उणीव अधिकच जाणवेल, कारण त्या बोलींचा पायाच ट्रिकांच्या मोजणीवर आहे. ही मोजणी संगणकाला सांगता येत नाही असे नाही, पण साध्या चौकटींतून ती सांगता येत नाही.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. प्रत्येक डावात समोरच्याकडे २२ पॉइंट आहेतच हे दोघांनाही ठाऊक असेल, तर सुरुवातीची बोली करताना निर्णय असा काही उरत नाही आणि उत्तर देणाराही आधीच सावध बसलेला असतो. यावर उपाय सोपा आहे: मर्यादा २२ ऐवजी २० ठेवावी. असे केल्यास येणाऱ्या हातांपैकी सुमारे ७० टक्के हात २० किंवा २१ पॉइंटांचे असतात आणि उरलेले ३० टक्के २२ किंवा त्यांच्या वरचे. मग दोन नो ट्रम्पने सुरुवात करायची की एका रंगाने, की हात ट्रिकांच्या बळावर दोन किलवरच्या योग्यतेचा आहे, हा विचार प्रत्येक वेळी करावाच लागतो. १८ पर्यंत खाली उतरले तर मात्र २२ किंवा अधिक पॉइंटांचे हात दहात एकच उरतात आणि सराव पातळ होतो. आमच्या जोडीने २० हा आकडा कायम केला आहे आणि तो बदलण्याचे कारण अजून सापडलेले नाही.

बिडिंग टेबलची खरी कसोटी उत्तरांच्या बाजूला लागते. सुरुवात करणाऱ्याकडे २२ किंवा अधिक पॉइंट असतात तेव्हा त्याच्या हाताची सरासरी २३ च्या अगदी जवळ जाते आणि उरलेले १७ पॉइंट तिघांत वाटले जातात. उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला सरासरी पावणेसहा पॉइंट येतात, म्हणजे तो ना अगदी रिकामा असतो ना नेहमीच्या अर्थाने सकारात्मक उत्तर देण्याजोगा. जुन्या शिकवणीत दोन चौकट हे नकाराचे उत्तर होते आणि आठ पॉइंट किंवा एक एक्का व एक राजा असल्यास आपला रंग सांगायचा असे. ही रीत पाठ करायला सोपी आहे, पण ‘नाही’ या एकाच शब्दात शून्य पॉइंटांचा हातही येतो आणि सात पॉइंटांचाही. आज अधिक रूढ आहे ती दोन चौकट ही वाट पाहणारी बोली मानण्याची रीत: ‘तुझा हात आधी सांग, माझे नंतर पाहू.’ तिच्यात थेट सकारात्मक उत्तर फक्त अशाच हातावर द्यायचे, ज्यात पाच किंवा अधिक पानांचा रंग आहे आणि त्या रंगातल्या पहिल्या तीन चित्रांपैकी दोन आपल्याकडे आहेत. बदामाची राणी, नव्वी आणि तीन लहान पाने, शिवाय बाहेर एक एक्का व एक गुलाम अशा सात पॉइंटांवर दोन बदाम बोलण्याचा मोह होतो, पण तसे केल्याने सुरुवात करणाऱ्याला आपल्या रंगाबद्दल खोटा विश्वास वाटतो आणि बोलीची जागाही खर्च होते.

वर दिलेल्या इस्पिकच्या हातासमोर दोन वेगवेगळे हात ठेवून पाहिले की वाट पाहण्याचे महत्त्व कळते. पहिल्या हातात इस्पिकची नव्वी, पंजी आणि तिर्री, बदामाची राणी आणि दोन लहान पाने, चौकटचा राजा आणि तीन लहान पाने, किलवरची तीन लहान पाने: एकूण पाच पॉइंट. दुसऱ्या हातात इस्पिक तेच, बदामाची तीन आणि चौकटची चार पाने सगळी लहान, आणि किलवरचे राजा, राणी व एक लहान पान: पॉइंट पुन्हा पाचच. पहिल्या हाताबरोबर सहा इस्पिक बसल्या जागी होतात, कारण इस्पिकच्या सात, बदामाच्या तीन आणि चौकटच्या दोन अशा बारा ट्रिक मोजून मिळतात आणि जाते ती फक्त किलवरची एक. दुसऱ्या हातातले किलवरचे पाच पॉइंट एकट्या चौकीसमोर पडतात. बचाव नीट झाला तर अकरा ट्रिकांवर गाडी थांबते. पॉइंटांची बेरीज दोन्हीकडे २६ आहे, एकीकडे स्लॅम आहे आणि दुसरीकडे नाही. हा फरक उत्तराच्या पहिल्या बोलीत सांगता येतच नाही. दोन किलवर, दोन चौकट, दोन इस्पिक, तीन इस्पिक असा क्रम झाल्यावर, आणि तीन इस्पिक ही उडी मारून केलेल्या चार इस्पिकपेक्षा बळकट बोली आहे हे दोघांनी ठरवलेले असल्यास, पुढे चौथ्या पातळीवर एकेका रंगातला ताबा (एक्का, राजा किंवा एकटे पान) सांगत जाता येते: सुरुवात करणाऱ्याने चार किलवर म्हणून त्या रंगातले एकटे पान कळवायचे, उत्तर देणाऱ्याने चार चौकट म्हणून राजा दाखवायचा, चार बदामानंतर पाच बदामांनी राणीही उघड करायची. दुसरा हात असलेला खेळाडू चार चौकट बोलूच शकत नाही आणि जोडी चार किंवा पाच इस्पिकवर निवांत थांबते. बिडिंग टेबलवर अशा जोड-हातांचा सराव झाला की पॉइंट मोजण्यापेक्षा ते कुठे आहेत हे पाहण्याची सवय लागते. क्लबमध्ये ती लागायला वर्षे जातात.

दोन चौकटला इतके व्यापक ठेवल्यावर अगदी रिकामा हात सांगायचा कसा, हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तरावरून जोड्यांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष सुरुवात करणाऱ्याने दोन बदाम किंवा दोन इस्पिक म्हटल्यावर तीन किलवर ही दुसऱ्या नकाराची कृत्रिम बोली मानतो. दुसरा पक्ष पहिल्याच फेरीत दोन बदाम म्हणून ‘माझ्याकडे ना एक्का ना राजा’ असे सांगून मोकळा होतो आणि दोन चौकटला गेमपर्यंत नेणारी बोली करून टाकतो. दोन्ही आम्ही टेबलावर पुष्कळ घोळवून पाहिल्या. थेट दोन बदामांची रीत शिकायला सुटसुटीत आहे, विसरायला अवघड आहे आणि दोन चौकटनंतर घाई उरत नाही, ही तिची जमेची बाजू. पण सुरुवात करणाऱ्याकडेच बदाम लांब असले की त्याला तीन बदामांवर जावे लागते आणि बदामाचा डाव झाल्यास तो खेळतो रिकाम्या हाताचा जोडीदार, ताकदवान हात मात्र टेबलावर उघडा पडतो. विरोधकांना एवढी मदत करण्याचे कारण नाही. त्यामुळे आमचा कल तीन किलवरकडे झुकला. तिचीही कोंडी आहे: सुरुवात करणाऱ्याने स्वतःच तीन किलवर म्हटले तर नकार तीन चौकटवर ढकलावा लागतो आणि त्याने तीन चौकट म्हटले तर खाली सोयीची जागा उरत नाही. पत्तेवाटपाच्या अटीत सुरुवात करणाऱ्याच्या चौकटची किमान लांबी सहा ठेवून काही डाव सलग बोलून पाहावेत. लांब चौकट किंवा किलवरच्या हातावर दोन किलवर बोलण्याची हौस पुष्कळ कमी होते, आणि ती कमी होणेच योग्य आहे. एक्क्याला दोन आणि राजाला एक असे ताबे मोजून पायऱ्यांनी उत्तर देण्याची तिसरी रीतही आहे. तिच्यात स्लॅमचे एक्के-राजे लवकर कळतात, पण रंग जुळवायला जागा राहत नाही.

समतोल, म्हणजे चारही रंगांत पाने सारखी वाटलेल्या, हातांच्या बाबतीत एरिक कोकिश या कॅनडाच्या प्रशिक्षकाच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती या टेबलावर तपासून पाहण्यासारखी आहे. सामान्यतः दोन किलवर, दोन चौकट आणि दोन नो ट्रम्प हा क्रम २२ ते २४ पॉइंटांचा समतोल हात सांगतो आणि तेवढ्यावर जोडीदाराला पास म्हणता येते. त्याहून मोठा समतोल हात तीन नो ट्रम्प बोलून दाखवला की चार-चार पानांचे रंग शोधायला वाव राहत नाही. कोकिशच्या रीतीत अशा हातावर दोन बदाम बोलायचे, जोडीदाराने आपोआप दोन इस्पिक म्हणायचे आणि मग दोन नो ट्रम्पने मोठा समतोल हात उघड करायचा. दोन इस्पिकनंतर दुसरे काही बोलल्यास बदाम खरेच लांब आहेत. कल्पना देखणी आहे. पण २५ किंवा अधिक पॉइंटांचा हात एका खेळाडूला सुमारे २,२०० डावांतून एकदा येतो, आणि त्या एका वेळी जोडीदार दोन इस्पिक म्हणायचे विसरून बदामांना चारपर्यंत नेऊन बसला, तर युक्तीने वाचवलेल्या सगळ्या जागेची किंमत एका डावात वसूल होते. ही युक्ती आपल्या बोलीपद्धतीच्या कार्डावर लिहायची असेल तर तिच्यासाठी वेगळी अट करून तिची उजळणी नियमित करण्याची तयारी हवी. एरवी तिच्या वाटेला जाऊ नये. बिडिंग टेबल नसते तर ही उजळणी जवळजवळ अशक्य होती, हे श्रेय त्याला द्यावे लागेल.

बोली संपल्यावर चारही हात उघडे पाहता येतात आणि सर्व पत्ते दिसत असताना किती ट्रिक होऊ शकतात याचे विश्लेषणही मागवता येते. इथे संयम हवा. हे विश्लेषण प्रत्येक राणी कुठे आहे हे जाणून केलेले असते. एका राणीच्या जागेवर आणि तीन-दोन वाटणीवर अवलंबून असलेला स्लॅम त्या एका वाटपात ‘होतो’ असे दिसले म्हणून तो बोलायलाच हवा होता असे ठरत नाही. छोटा स्लॅम साधारण निम्म्या वेळा तरी व्हायला हवा, तेव्हाच तो बोलण्याच्या लायकीचा. नवख्या जोड्या विश्लेषणातल्या आकड्यांवरून आपल्या बोलीचे गुणदोष ठरवतात आणि चांगल्या बोलीला वाईट समजून सोडून देतात. त्यापेक्षा दोघांचे हात समोर ठेवून विरोधकांची पाने मनातल्या मनात दोन-तीन वेळा वेगळी वाटून पाहावीत. यंत्राने हे करून द्यायला हवे होते असे वाटते. ट्रिकांच्या संख्येऐवजी त्या काँट्रॅक्टची शक्यता टक्क्यांत दाखवली असती तर सरावाला अधिक अर्थ आला असता.

जोडीदार मिळत नसेल तेव्हा बीबीओवरील यंत्रमानवांबरोबर सराव करण्याचा पर्याय असतोच. त्यांच्यामागे ‘जिब’ नावाची आज्ञावली आहे. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी ती लिहिली आणि १९९८ व १९९९ मध्ये संगणकांच्या जागतिक ब्रिज स्पर्धेत ती पहिली आली होती. बोलीवर टिचकी मारली की ती केल्यास यंत्रमानव तिचा काय अर्थ घेईल हे आधीच वाचता येते, ही सोय शिकणाऱ्यासाठी फार मोलाची आहे. मात्र पद्धत त्यांची, आपण जुळवून घ्यायचे. आपल्या कार्डावरचा दुसरा नकार किंवा कोकिश त्यांना शिकवता येत नाही. शिवाय अर्थ सांगताना ते पॉइंटांच्या मर्यादांतच बोलतात, त्यामुळे ट्रिका मोजण्याची जी सवय लावायची तिलाच छेद जातो. यंत्रमानवांबरोबरच्या काही लोकप्रिय स्पर्धांत टेबलावरचा सर्वांत ताकदीचा हात नेहमी माणसालाच दिला जातो. तिथे २२ किंवा अधिक पॉइंटांचा हात सुमारे ५९ डावांतून एकदा येतो, म्हणजे एरवीपेक्षा चौपट वेळा; पण त्याच कारणाने उत्तर देण्याची पाळी मात्र कधीच येत नाही. दोन किलवरच्या बाबतीत अवघड काम उत्तराचे आहे, आणि या स्पर्धा नेमके तेच वगळतात. बिडिंग टेबलवर ताकदवान हात आलटून-पालटून दोघांना देता येतो, हा त्यामानाने मोठा लाभ आहे.

प्रिसिजन ही बोलीपद्धत खेळणाऱ्यांनी हा मजकूर आपल्यासाठी नाही असे समजू नये. ताकदवान हातांसाठी एक किलवर राखून ठेवण्याची कल्पना काँट्रॅक्ट ब्रिजचे जनक हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांच्याइतकीच जुनी आहे, आणि सी. सी. वेई यांच्या प्रिसिजनमुळे ती जगभर गेली. ती खेळत १९६९ मध्ये तैवानचा संघ बर्म्युडा बोल या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. या पद्धतीत १६ किंवा अधिक पॉइंटांचा हात एक किलवरने उघडतात आणि असा हात दहा डावांत जवळजवळ एकदा येतो, त्यामुळे तिचा सराव क्लबमध्येच होतो. उत्तर देणाऱ्याचे सरासरी पॉइंट इथे साडेसातच्या आसपास पडतात, आणि सात पॉइंटांपर्यंत एक चौकट म्हणून नकार व आठपासून सकारात्मक उत्तर अशी रेषा असल्यामुळे बहुतेक हात त्या रेषेच्या अगदी जवळ घोटाळतात. प्रिसिजनवाल्यांनी म्हणूनच सुरुवात करणाऱ्यावर अट न घालता उत्तर देणाऱ्याला सहा ते नऊ पॉइंट द्यावेत. त्यांचे खरे दुखणे तिथे आहे.

उरलेल्या सोयींबद्दल थोडक्यात. बीबीओवर आपल्या कृत्रिम बोलीचा खुलासा आपणच लिहायचा असतो आणि तो जोडीदाराला नव्हे, विरोधकांना दिसतो. सरावात प्रत्येक बोलीला खुलासा लिहिण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले आणि डाव संपल्यावर एकमेकांना वाचून दाखवले, तर दोघांच्या समजुतीतला फरक लगेच बाहेर येतो. आपल्या पद्धतीचे कार्ड भरून ठेवता येते. खेळलेल्या डावांची नोंदही राहते. मोबाइलच्या पडद्यावर तेरा पाने आणि बोलीची पेटी एकत्र पाहताना डोळ्यांना त्रास होतो, म्हणून या कामासाठी टॅबलेट किंवा संगणकच बरा. २०१८ च्या जकार्ता येथील एशियाई स्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकल्यानंतर आपल्याकडे निवृत्तीच्या वयातील पुष्कळ मंडळी ब्रिजकडे नव्याने वळली. त्यांना ही सोय सुचवताना पहिल्या दिवशी कोणीतरी जाणता माणूस शेजारी बसवण्याची सूचना जोडावी.

एका गोष्टीसाठी मात्र दोघांचे टेबल पुरे पडत नाही, आणि ती गोष्ट लहान नाही. दोन किलवरनंतर विरोधक गप्प बसतील असे गृहीत धरून केलेला सराव क्लबच्या खुर्चीत बसताच उघडा पडतो. त्यांच्याकडे पॉइंट नसतात, पण लांब रंग असतो, आणि आपल्याला बोलायला जागा मिळू नये म्हणून ते तीन चौकट किंवा तीन किलवरवर उडी मारतात. यासाठी चौघांचे नेहमीचे टेबल मांडून विरोधकांच्या जागी मित्रांना किंवा यंत्रमानवांना बसवावे आणि त्यांच्यापैकी एकाला सहा-सात पानांचा रंग मिळेल अशी अट घालावी. असे डाव बोलू लागल्यावर आमच्या जोडीचे जे मतभेद बाहेर आले ते अजून मिटलेले नाहीत: विरोधकाच्या तीन चौकटवर डबल (एरवी डावाचे गुण वाढवणारी बोली) म्हणजे रिकामा हात आणि पास म्हणजे थोडीफार ताकद, असे माझे म्हणणे, जोडीदाराला दोन्हीचे अर्थ नेमके उलट हवे आहेत, कारण रिकाम्या हातावर डबल म्हणायला त्याचा हात धजत नाही. पुढच्या सरावासाठी पूर्वेकडे चौकटची किमान सहा पाने ही अट लिहून तयार आहे.